बेनजीचा भोंगा

देवासच्या बागेतल्या भोंग्यावर संध्याकाळी गाणी लावायचं काम काही वर्षं माझ्याकडे होतं, आणि ते माझ्याइतकं चांगलं पुढे कुणी केलं नाही. हे मी विनय बाजूला ठेवूनच लिहिते आहे. विनय दाखवायला बाकीचं आयुष्य पडलं होतं आणि तेव्हा तो पुष्कळ दाखवून झाला.

संस्थानं नुकतीच विलीन झाली होती. आमच्या गावात तर एक सोडून दोन संस्थानं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एक राज्य, त्या अंगाला दुसरं. दोन्ही गेली आणि नगरपालिका एक झाली. या नव्या नगरपालिकेने हौसेने रेडिओ घेतला, बागेतल्या कडुलिंबाला भोंगा बांधला आणि वाचनालयाच्या माडीवर एका खोलीत ग्रामोफोन, माईक असं सगळं मांडलं. रात्री त्यावर दिल्लीच्या बातम्या लागत. त्याआधीचा तास गाण्यांचा. सुरुवातीला हे काम एका कारकुनाकडे होतं. त्याच्या तबकड्या ठरलेल्या आणि त्यांचा क्रमही ठरलेला, त्यामुळे एक गाणं चालू असतानाच लोक पुढचं गुणगुणायला लागत. तो नोकरी सोडून इंदूरला गेला. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, आणि शाळेच्या संमेलनात ते यंत्र मी एकटीने चालवलं होतं, म्हणून नगरपालिकेच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं.

घरी आईने विचारलं, ‘‘अगं, चारचौघांत बायकांनी असं ओरडायचं?’’ मी म्हटलं, ‘‘ओरडायचं काम भोंगा करतो, मी नुसती बोलते.’’ वडील हसले, आणि परवानगी मिळाली.

माझी रीत एकच होती: यादी करायची नाही. एक तबकडी फिरत असताना मी खिडकीतून खाली बघायची आणि पुढची ठरवायची. सोनकच्छकडून बस येऊन धुळीने माखलेली माणसं उतरली की त्यांना लगेच ठुमरी ऐकवण्यात अर्थ नसतो. आधी सनई, मग त्यांनी हातपाय धुतले की ठुमरी. गुरं परतत असली की संथ काहीतरी. पोरं फार माजली की सिनेमाचं एक गाणं, म्हणजे ती तोंडं उघडी टाकून गप्प बसत. नाट्यगीतानंतर कव्वाली, कव्वालीनंतर भजन, असंही मी लावत असे आणि ते एकमेकांना बिलगत, भांडत नसत. धारला माझी आत्या होती. तिच्या सासरी दरबारच्या दिवसांतल्या तबकड्या नुसत्या पडून होत्या. मी त्यांची पेटी मागून घेतली आणि बसमध्ये मांडीवर ठेवून आणली. पाय मुंग्यांनी बधिर झाले, पण एकही तबकडी फुटली नाही. मधूनमधून मी बोलायची. मराठीत सुरू करायची, हिंदीत संपवायची आणि मध्ये माळवी आपली आपण शिरायची. लोक त्या तासाला ‘बेनजी का भोंगा’ म्हणायला लागले. आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईला बेनजीच म्हणतात. मला ते नाव फार आवडलं होतं, आणि आवडत नाही असं मी सगळ्यांना सांगायची.

बागेत बसणारे सगळे पुरुष. बायका घरात. पण भोंग्याला घराच्या भिंती कळत नाहीत. गच्चीवर पापड वाळवणारी, चुलीपुढे बसलेली, खिडकीच्या गजाला धरून उभी असलेली, सगळ्यांना तेवढंच ऐकू जायचं. दुसऱ्या दिवशी शाळेत मुली आयांचे निरोप घेऊन यायच्या: कालचं ते दुसरं गाणं परत लावा. म्हणून तो तास कुणी माझ्या हातातून काढून घेईल या विचारानेसुद्धा माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि तसं घडलं. पीपलरावां गावच्या काही बायका टेकडीवर देवीच्या दर्शनाला आल्या होत्या. बागेशी टेकल्या आणि आपसांत गायला लागल्या, तो आवाज वर माझ्या खोलीत आला. मी खाली जाऊन त्यांना सरळ माडीवर घेऊन आले. माईक बघून त्या लाजल्या, एकमेकींच्या पदराआड झाल्या, मग त्यातली एक म्हातारी पुढे झाली आणि तिने लग्नातली गाल धरली. माळव्यात लग्नात वधूकडच्या बायका व्याह्यांना गाण्यातून यथेच्छ शिव्या घालतात, तिला गाल म्हणतात. त्यात राग नसतो, मानच असतो. ज्या लग्नात व्याह्याला गाल मिळाली नाही ते लग्न फिकं. म्हातारी खणखणीत गात होती. व्याह्याचं पोट, व्याह्याची पगडी, आणि मग व्याह्याच्या मिशा. मिशांवर तर तिने फारच वेळ काढला.

खाली बागेतल्या बाकावर आमच्या शेजारच्या आळीतले एक काका बसले होते. संस्थानात मुलकी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, आता नगरपालिकेच्या वाचनालय-रेडिओ समितीचे सभासद. गावातल्या सर्वांत भारदस्त मिशा त्यांच्या. मी जरा आधी संध्याकाळच्या रागाची एक तबकडी लावली होती, ती ते डोळे मिटून ऐकत होते, आणि डोळे उघडले तर सगळी बाग त्यांच्या मिशांकडे बघून हसते आहे! ते उठले आणि काठी टेकत तडक निघून गेले. मी वरून बघितलं. मला हसू आलं होतं हे कबूल, पण ते मिशांचं हसू होतं, माणसाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांची तक्रार अध्यक्षांपुढे होती. भोंगा हा सार्वजनिक आहे, त्यावर काय वाजावं हे समितीने आधी ठरवावं, आठवड्याची यादी मंजूर व्हावी आणि त्याबाहेर एक सूरही वाजू नये. मिशांचा उल्लेख नव्हता. अध्यक्षांनी आम्हा दोघांना बोलावलं. अध्यक्ष धान्याचे व्यापारी, अस्सल माळवी, मनाने मऊ आणि कायम घाईत. सोनकच्छच्या मंडीत जायला त्यांची गाडी दारात उभी होती.

काका म्हणाले, ‘‘यादीशिवाय चालणार नाही.’’

मी म्हटलं, ‘‘यादी करून मी एक दिवससुद्धा लावणार नाही.’’

अध्यक्षांनी दोघांकडे बघून कपाळावर हात मारला. ‘‘अरे कईं छोरा-छोरी की तरे लड़ी रिया हो! देखो, तम दोई जणा राजीनामो लिखी ने बाबू के दई दो. हूँ आऊँगा तो दसखत करी दूँगा. बस, झगड़ो खतम.’’ आणि ते गाडीत बसून गेलेसुद्धा.

मी तिथेच पांढरीफटक पडले. राजीनामा! एवढं काम करून, धारहून मांडीवर तबकड्या आणून, राजीनामा द्या म्हणे. काकांकडे बघितलं तर त्यांचा चेहराही लालबुंद. मग मला वाटलं, बरं झालं, निदान यांचाही मागितला. घरी जाऊन मी असा राजीनामा लिहिला की वाचून वडील म्हणाले, ‘‘हा राजीनामा आहे की युद्धाचं आव्हान?’’ त्यात मी लिहिलं होतं की गाणं हे भाजीसारखं आठवड्याचं आणून ठेवायची वस्तू नाही, आणि ज्या गावाला हे कळत नाही त्याला माझा आवाज मिळणार नाही. बाबूच्या टेबलावर तो आपटला तेव्हा तिथे काकांचा आधीच येऊन पडला होता. अक्षर सुरेख, मोडी वळणाचं.

भोंगा गप्प झाला. शिपाई रात्री फक्त बातम्या लावायचा आणि बंद करायचा. मी त्या तासाला घरात मुद्दाम कपाटं आवरत बसायची, भांडी आपटायची. शाळेत मुली विचारत, ‘‘बाई, आज पण नाही?’’ आणि मी त्यांना पाढे म्हणायला लावायची. मला रडू यायचं, पण ते मी कुणाला बघू दिलं नाही. परत बोलवायला आले तरी यादीला हो म्हणायचं नाही, हे मात्र मी मनाशी पक्कं केलं होतं.

तीन-चार दिवसांनी अध्यक्ष परतले आणि आम्हा दोघांना परत बोलावणं आलं. टेबलावर दोन्ही कागद पसरलेले आणि अध्यक्ष त्यांच्याकडे असे बघत होते, जणू मंडीत कुणी गव्हाच्या जागी दगड ओतले आहेत.

‘‘यो कईं है? यो तो इस्तीफो है!’’

‘‘आपणच मागितला,’’ मी म्हटलं.

‘‘म्हने कदी माँग्यो? म्हने तो राजीनामो कियो थो! राजी-नामो! के दोई राजी हुई ग्या. कचेरी में रोज लिखे लोग!’’

मग मला उमगलं. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. इथल्या हिंदी कचेरीत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांचा समेट, दोघं राजी झाल्याचा कागद. मी शाळेत मुलींना हिंदी शिकवत होते, पण कोर्टकचेरीची पायरी आमच्या घरात कुणी चढलं नव्हतं. काकांची सगळी नोकरी दरबारच्या मराठी दफ्तरात गेली होती. दोघांनाही एकच अर्थ माहीत होता आणि दोघांनीही तो ताठ मानेने अमलात आणला होता. भांडायला बसलेली माणसं, आणि एकाच भाषेत चुकलो! बाबू फाईल तोंडावर धरून हसत होता.

‘‘तम दक्षिणी लोगाँ को भी कईं केणो,’’ अध्यक्ष म्हणाले. आम्हा मराठी माणसांना ते दक्षिणीच म्हणत. ‘‘अब सीधो बताओ. बेनजी, तम राजी?’’

‘‘यादी नसेल तर राजी,’’ मी म्हटलं. राजीनाम्यातला एकही शब्द मागे घ्यायची मला गरज वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

अध्यक्षांनी काकांकडे बघितलं. काका काठीच्या मुठीकडे बघत होते. आता यादीवर अडून बसतील, म्हणून मी उत्तर तयार ठेवून उभी होते. ते फार हळू आवाजात बोलले, तेही माझ्याशी, मराठीत.

‘‘मुली, हे चार दिवस भोंगा वाजत नाही तर आमच्या घरात कुणी बोलत नाही. काल मी हिला म्हटलं, उद्या अध्यक्षांनी परत बोलावलं आहे, यादीचं निघेलच, तर तुझं एखादं गाणं घालू का? काय ऐकायचं तुला? इतक्या वर्षांत मी तिला हे पहिल्यांदाच विचारलं.’’ ते थांबले. ‘‘ती म्हणाली, मला कशाला विचारता. ते त्या मुलीला ठरवू द्या. मला काय हवं असतं, ते तिला कळतं.’’

काकूंशी मी आयुष्यात कधी दोन वाक्यांपलीकडे बोलले नव्हते. त्यांच्या ओट्यावरून जाताना डोक्यावरचा पदर सारखा करत त्या ‘कशी आहेस गं’ म्हणायच्या, एवढंच.

अध्यक्ष पुढे वाकले. ‘‘कईं कियो इनने? राजी है के नी?’’

काकांनी मान वर केली नाही. म्हणजे सांगायचं मलाच होतं. मी पदराने नाक पुसलं, सरळ उभी राहिले आणि काकूंचं वाक्य जसंच्या तसं हिंदीत सांगितलं. बाबूलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.