आत्याची सही

मारुंजीचे वाल्मीकअण्णा आजवर कुणापुढे वाकले नव्हते. जमीन सोसायट्या बांधणाऱ्या बिल्डरला दिली, उरलेल्या तुकड्यावर तीन मजले चढवले, कंपनीतल्या पोरांना खोल्या दिल्या. वाकायचं काम भाडेकरूंचं. असा माणूस आज रिहे गावात धाकट्या बहिणीच्या ओट्यावर, हातात दवाखान्याची चार पानं धरून, मान खाली घालून बसला होता.

पानं गौतमीसाठी होती. अण्णांच्या या एकुलत्या लेकीच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, केमो चालू होती. तिच्या रक्ताच्या तपासणीत एका जनुकात बदल सापडला. तो घातक की निरुपद्रवी, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. घरात आणखी कुणाला कॅन्सर झाला होता का, असं त्यांनी विचारल्यावर अण्णांना या बहिणीचं, रत्नाबाईचं नाव घ्यावं लागलं. सहा वर्षांपूर्वी तिचंही हेच ऑपरेशन झालं होतं आणि अण्णा बघायलाही गेले नव्हते. आत्याच्या रक्तात तोच बदल निघाला तर थोडाफार अंदाज येईल, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या स्तनाचं काय करायचं, आपल्या सात वर्षांच्या लेकीला, जुईलीला पुढं धोका आहे का, एवढंच गौतमीला कळायला हवं होतं.

रत्नाबाईनं सगळं ऐकलं, डोळ्यांना पदर लावला. मग अण्णांनी संमतीपत्र पुढं केलं आणि तिचा चेहरा बदलला.

"सही कशाला?"

"दवाखान्याचा नियम हाय. बिनसहीचं रगत घेत न्हाईत. जमिनीचा काय बी संबंध न्हाई."

"तवाबी असंच म्हणला व्हतास, दादा."

तेव्हा म्हणजे बारा वर्षांपूर्वी. भाऊबीजेला आलेल्या बहिणीला अण्णांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि वारसनोंद करायची म्हणून गाडीत घालून पौडच्या कचेरीत नेलं. सही झाली ती वडिलांच्या जमिनीतला वाटा सोडल्याच्या हक्कसोडपत्रावर. घरोघर हेच चाललं होतं, त्यामुळे अण्णांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. साडी मात्र भारीतली घेतली होती. दुधानं तोंड पोळलेली बाई ताकही फुंकून पिणारच.

"गौतमीची शप्पत घेतो, रत्ना."

"पोरीची शप्पत घेऊ नगं." रत्नाबाईनं दंड उघडा करून हात पुढं धरला. "रगत लागंल तेवढं घे. पोरगी माझीबी हाय. पर तुझ्या कागदावर सही करायची न्हाई."

त्या घडीला अण्णांना सगळी इमारत बहिणीच्या नावावर करावीशी वाटली. पण त्यालाही कागदच लागला असता.

परतताना वाटेत नेरे गावाजवळ फोन वाजला. अण्णांनी गाडी कडेला घेतली.

"बाबा, आत्या काय म्हणाली?"

"रगत देते म्हणाली."

पलीकडं गौतमी रडायला लागली. आत्यानं माहेर का तोडलं, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. "मला वाटलंच होतं ती नाही म्हणणार नाही. तिचा नंबर द्या ना, मी आत्ताच बोलते तिच्याशी."

नंबर का देता येत नाही, याचं लेकीला सांगण्याजोगं एकही कारण अण्णांना सुचेना.