सगळ्या स्क्रीनचा बाप

ऑफिसात सगळे त्यांना मामा म्हणत, पण त्यात माया शोधायला कोणी जाऊ नये. त्यांचा सख्खा भाचा त्याच मजल्यावर कामाला होता, तो मामा म्हणे, म्हणून बाकीच्यांच्याही तोंडी तेच बसलं. मागे त्यांना जी नावं होती ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

कंपनी गोदामांसाठी सॉफ्टवेअर करायची. माल आला, माल गेला, माल सडला, प्रत्येकाची वेगळी स्क्रीन आणि प्रत्येक स्क्रीन म्हणजे जावास्क्रिप्ट भाषेत लिहिलेला एक क्लास, म्हणजे कोडचा एक बांधीव गठ्ठा. हे सगळं ज्या सांगाड्यावर, फ्रेमवर्कवर, उभं होतं ते मामांचं. सगळ्या क्लासांचा बाप असलेला मूळ क्लास त्यांनी एकट्यानं लिहिला होता. स्क्रीन कशी उघडायची, माहिती कशी साठवायची, चूक झाली तर काय दाखवायचं, या कामांच्या रीती, म्हणजे मेथड, त्या एका क्लासात. त्यावरून निघालेला प्रत्येक क्लास म्हणजे पोर, आणि पोराला जे येत नाही ते त्याला बापाकडून आपोआप मिळणार, असा कारभार. पोरानं त्याच नावाची स्वतःची मेथड लिहिली तर मात्र बापाची चालत नाही. चालवायचीच असेल तर पोरानं आत 'सुपर' लिहून बापाला हाक मारायची.

मामांच्या राज्यात ही हाक सक्तीची होती. कोणीही काही लिहिलं की ते आधी मामांकडे तपासायला जायचं. तपासायचं म्हणजे काय, तर मामा त्यात 'सुपर' हा शब्द शोधायचे. सापडला की पुढचं न वाचता मंजूर. नाही सापडला की खुर्ची मागे ढकलून उठायचे आणि भर मजल्यावर त्या माणसाची सालं काढायचे.

"बापाला न विचारता संसार थाटलास होय गं?" नव्यानं लागलेल्या एका मुलीला त्यांनी असं सगळ्यांसमोर विचारलं होतं. "घरी पण असंच चालतं का तुमच्याकडे?"

ती बाथरूममध्ये गेली आणि लाल डोळ्यांनी परत आली. मामांनी मशीनमधून कॉफी घेतली, खिडकीशी उभं राहून सावकाश प्यायली. त्यांना बरं वाटत होतं. उगाच कशाला लपवा, माणसाला रडवलं की त्यांचा दिवस चांगला जायचा.

भाच्याला तर ते घरचं माणूस म्हणून जास्तच धुवायचे. नोकरी त्यांनीच लावून दिली होती आणि ते त्याला विसरू द्यायचे नाहीत. बहिणीकडे जेवायला गेले की भाच्याच्या बायकोसमोर, त्याच्या लेकीसमोर म्हणायचे, "ताई, तुझा मुलगा माझ्या क्लासावर जगतोय बरं का!" भाचा मान खाली घालून जेवत राहायचा. बहीण हसल्यासारखं करायची.

मामांचा क्लास खरं तर जुना होऊन कुरकुरायला लागला होता. एक साधी स्क्रीन उघडायची तरी तो अख्ख्या गोदामाची माहिती ओढून आणायचा. गोदामवाले फोनवर शिव्या घालायचे. पण मामांना हे सांगणार कोण? शेवटी भाचाच एकदा त्यांच्या टेबलाशी गेला.

"मामा, कोणीही उठतं आणि तुमच्या क्लासात हात घालतं. मध्ये एक रिकामा क्लास ठेवूया का? सगळ्या स्क्रीन त्याच्यावरून निघतील आणि तो तुमच्यावरून. काही बदलायचं तर त्यातच बदलायचं, म्हणजे तुमच्या फाइलला कोणी शिवणारच नाही."

मामा फुगले. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा डोकं चालवलंस," म्हणाले. तो मधला क्लास त्यांनी उघडून पाहिला, खरंच रिकामा होता. मंजूर केला आणि पुन्हा कधी त्याचं तोंड पाहिलं नाही. त्यानंतर त्यांच्या फाइलमध्ये कोणाला स्वल्पविरामही बदलावा लागला नाही. मामा हे येईल त्याला ऐकवायचे. लिहावं तर असं लिहावं!

मग वरून हुकूम आला की माणसं कमी करायची. मामांचं वय असं, की इथून बाहेर पडल्यावर दुसरीकडे कोणी दारात उभं करणार नाही. हे त्यांना नीट ठाऊक होतं. मामींना मात्र त्यांनी छाती काढून सांगितलं, "मला हात लावायची कोणाची टाप नाही. मी गेलो की सगळं बसलंच म्हणून समज."

काचेच्या खोलीत बैठक बसली. मॅनेजरबाई एकेकाला काम विचारत मामांपर्यंत आल्या. आवाज अगदी मऊ.

"मामा, तुमच्याकडे सध्या काय आहे?"

"माझ्याकडे?" मामांचा आवाज चढला. "अहो, तुमची एकूण एक स्क्रीन माझ्यावरून निघालीय. काढून बघा माझा क्लास! एक जरी स्क्रीन उघडली ना, तर आज घरी जातो मी, उद्या येणार नाही."

भाचा हलक्या आवाजात म्हणाला, "मामा, राहू दे ना."

"का? फाटली? काढ म्हणतो ना! सगळ्यांना दिसू दे."

भाच्यानं बाईंकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर, सगळ्यांच्या देखत, त्यानं मधल्या क्लासमधून बापाचं नाव खोडलं, बापाला मारलेली एकुलती एक हाक खोडली आणि मामांची फाइल उडवली. एकेक स्क्रीन उघडून बघणाऱ्या चाचण्या सुरू केल्या. मामा हाताची घडी घालून मागे रेलले. "आता बघा मजा."

हिरव्या खुणांची रांग खाली सरकत गेली. माल आला, उघडली. माल गेला, उघडली. माल सडला, तीही उघडली. लाल काही आलंच नाही.

"जुनं काहीतरी साठून राहिलं असेल," मामा पुढे झुकले. "साफ करून परत चालव."

भाच्यानं साफ करून परत चालवलं. पुन्हा सगळं हिरवं.

मामांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की या खोलीत चकित झालेले ते एकटेच आहेत. मग ती मुलगी बोलली, बाथरूममध्ये रडून आलेली. तिच्या आवाजात राग नव्हता, तोच असता तर बरं झालं असतं.

"मामा, आमची सुपरची हाक मधल्या क्लासपर्यंतच जाते. तुमच्या भाच्यानं तुमच्या सगळ्या मेथड हळूहळू तिथे नव्यानं लिहिल्या. आत एकदा 'सुपर' होतं, म्हणून तुम्ही न वाचता मंजूर करत गेलात. तुमचं काही चालत नाही त्याला दोन वर्षं झाली."

"मग माझी फाइल कशाला ठेवली होती?"

भाचा कीबोर्डकडे बघत म्हणाला, "बाई तेव्हाच काढू या म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, असू दे, कुठे काय खातेय ती. मामांना तेवढंच."

म्हणजे दोन वर्षं ते ओरडत होते आणि ही सगळी माणसं समजून उमजून ऐकून घेत होती. घरातला म्हातारा बडबडतो तेव्हा सुना जशा हो हो म्हणतात, तशी. मामांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"मामा," भाच्यानं अगदी हळू विचारलं, "फाइल परत टाकू का?"

आयुष्यभर ज्यांनी कोणाकडे काही मागितलं नव्हतं ते मामा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "टाक."

भाच्याची बोटं कीबोर्डवर गेली आणि तिथेच थांबली. त्यानं बाईंकडे पाहिलं.

"नको," बाई म्हणाल्या. "चालतंय ना? तसंच गोदामांकडे पाठवून दे."

त्यानं पाठवून दिलं.