तुलनेची वस्ती

दुष्काळाच्या त्या वर्षांत मी अंगणवाड्यांवरच्या एका संशोधनात कामाला होते. शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे. अंगणवाडीत जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या मुलांमध्ये काय फरक पडतो, हे आम्हाला शोधायचं होतं. त्यासाठी काही वस्त्या अंगणवाडी असलेल्या निवडल्या आणि काही नसलेल्या. नसलेल्या वस्तीला आमच्याकडं ‘तुलनेची वस्ती’ म्हणत. माझ्या वाट्याला तशीच एक आली.

ती बायपासच्या पलीकडं होती. लासूर स्टेशनकडच्या गावांतली धनगर कुटुंबं तिथं पालं ठोकून राहिली होती. चारा नाही, पाणी नाही, म्हणून मेंढरं विकून ती शहरात आलेली. शहराला दुष्काळाचं काही पडलेलं नव्हतं. चहूकडं इमारती उठत होत्या आणि ही माणसं त्यांवर बिगारी करत होती. वस्तीवर टँकर यायचा तेव्हा यायचा. स्लॅबवर मारायला पाणी मात्र रोज असायचं.

मी दर काही महिन्यांनी जायचे. लेकरांना रंगीत ठोकळे रचायला द्यायचे, चित्रं दाखवून नावं विचारायचे, त्यांची उंची-वजनं घ्यायचे. काम झालं की ठोकळे परत पिशवीत. वस्तीत काही ठेवायचं नाही, काही शिकवायचं नाही, अशी आम्हाला ताकीद होती. आम्ही शिकवलं तर मुलं बदलणार, आणि बदललेल्या मुलांशी तुलना कशी करायची? पिशवी बंद होताना लेकरं गप्प बघत राहायची.

एकदा एका तरुण बाईनं मला विचारलं, “ताई, तुमचं लेकरू कुठं असतं ओ, तुम्ही कामावर आल्यावर?”

मी शहरातल्या छावणी भागात राहायचे. माझी मुलगी सासूबाईंजवळ असायची. तसं सांगितल्यावर ती नुसती “बरं हाय” म्हणाली. तिचा तीन वर्षांचा मुलगा तिच्या पदराला धरून उभा होता. तो रोज तिच्याबरोबर साइटवर जायचा आणि वाळूच्या ढिगावर बसून असायचा. माझ्या चाचणीत गाय, कोंबडी, चूल, सगळं ओळखायचा. बोलायचा मात्र अगदी हळू.

उन्हाळ्यात तो मुलगा गेला. साइटवर पाणी साठवायला खड्डा खणून त्यात प्लास्टिक अंथरलेलं होतं. आई वर माल वाहत होती. तो पाण्यापाशी गेला आणि पाय घसरून आत पडला. ती खाली आली तेव्हा सगळं संपलं होतं. मी वस्तीवर पोचले तेव्हा त्याला जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि ती पुन्हा कामावर गेलेली होती.

मी आमच्या सरांना सांगितलं. अभ्यासाचे प्रमुख तेच. शांत, मृदू बोलणारा माणूस. फार वाईट झालं, म्हणाले. मग म्हणाले, “त्याच्या जागी त्याच वयाचं दुसरं मूल घ्या.”

त्यानंतर वस्तीतल्या बायकांनी आपलं आपण ठरवलं. त्यांच्यात एक म्हातारी होती, सगळे तिला मावशी म्हणत. जन्मभर मेंढरं राखलेली. आता या वयात तिला साइटवर काम कुणी देत नव्हतं. सकाळी प्रत्येक बाई आपलं लेकरू आणि फडक्यात बांधलेली भाकर तिच्यापाशी सोडायची. एका बाभळीखाली जुनं फ्लेक्स बांधून सावली केली होती. मावशी गाणी म्हणायची, खडे मांडून खेळ खेळवायची, दुपारी सगळ्यांना ओळीनं झोपवायची. दिवसभर हातात काठी. ती लेकरांसाठी नव्हती, कुत्र्यांसाठी होती.

“मेंढरं गेली,” ती मला म्हणाली, “आता ही राखते. ही बी बिचारी ऐकत्यात.”

पुढच्या फेरीला लेकरांमधला फरक डोळ्यांना दिसत होता. ती बोलायला लागली होती, अंगावर धावून येत होती, ठोकळ्यांवरून भांडत होती. मला इतका आनंद झाला की मी तशीच ऑफिसात आले आणि सरांना सगळं सांगितलं.

त्यांनी चहा मागवला आणि मला समजावून सांगायला बसले. आता ही वस्ती तुलनेची राहिली नाही, म्हणाले. तिथं एक प्रकारची सोय झाली. पण ती सरकारी नाही, तेव्हा तिला दुसऱ्या गटातही धरता येत नाही. “वस्ती खराब झाली. आता तिथं जाऊ नका.”

खराब हाच शब्द त्यांनी वापरला. दूध नासावं तसा.

तरी मी गेले. बायकांना वाटत होतं, एवढी वर्षं मापं घेतली, प्रश्न विचारले, म्हणजे आता अंगणवाडी येणार. कधी येणार, हे विचारायला त्या माझ्या वाटेकडं डोळे लावून होत्या. आमच्या अभ्यासातून अंगणवाडी येणार नव्हती. मग मीच अर्ज लिहून दिला आणि सुट्टी घेऊन त्यांच्याबरोबर अंगणवाड्यांच्या सरकारी कचेरीत गेले. त्या मुलाची आई होती, मावशी होती, आणखी दोघी-तिघी होत्या. दोघींनी तर दिवसाचं काम बुडवलं होतं.

तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला. अंगणवाडी कायम वस्तीला मिळते, म्हणाले. तुम्ही दुष्काळामुळं आलात, पाऊस पडला की गावाला परत जाल, मग सेविका तिथं कुणाला शिकवणार?

मावशी दाराजवळ खाली बसली होती. बसल्या जागेवरून ती म्हणाली, “पाऊस पडंल तवा आम्ही जाऊ, साहेब. पर लेकरं आज ल्हान हायेत. पाऊस पडंस्तवर ती थांबत्यात व्हय?”

साहेबांनी अर्ज ठेवून घेतला. बघू म्हणाले. कुणी काही बघितलं नाही.

अभ्यासाचा समारोप एका वातानुकूलित सभागृहात झाला. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलांची भाषा आणि समज अधिक चांगली आढळली, असं सरांनी पडद्यावर दाखवलं. टाळ्या झाल्या. माझ्या वस्तीचा त्यात उल्लेख नव्हता, त्या मुलाचा तर नव्हताच. एका पाहुण्यांनी या विषयावर आणखी संशोधनाची गरज असल्याचं सांगितलं, त्यालाही सगळ्यांनी माना डोलावल्या. मग जेवण होतं. मी न जेवता निघाले. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही.

पुढं पाऊस पडला. काही घरं गावाकडं गेली, बरीच गेली नाहीत. मेंढरंच नव्हती तर कशाला जातील? मग जमिनीच्या मालकानं प्लॉट पाडले, तेव्हा उरलेल्यांनाही पालं उचलावी लागली. आज तिथं बंगले आहेत. एका कोपऱ्यावर रंगीबेरंगी पाटी लावलेली खासगी नर्सरी आहे आणि मुलांना सोडायला दारात गाड्या येतात.

काही वर्षांनी शहागंजच्या बाजारात मला त्या मुलाची आई भेटली. कडेवर एक मुलगी होती. तिनंच मला ओळखलं आणि हाक मारली. मावशी वारली, म्हणाली, गावाकडं गेल्यावर लगेच. वस्तीतली उरलेली कुटुंबं आता शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती आणि तिथं अंगणवाडी होती. मला खरंच बरं वाटलं. मुलगी जाते ना, मी विचारलं.

“नाय जात.”

“का गं?”

“अंगणवाडी दुपारीच सुटती, ताई. मी सुटते दिवस मावळताना. मधी हिला कोण बघंल?” तिनं मुलीला वर सरकवलं. “तुम्ही एवढं इचारत होता आम्हाला. हे कवा इचारलं नाय.”

चाचणीत चित्रं होती, ठोकळे होते, घरात भांडी किती आणि खाट आहे का असले प्रश्न होते. आई कामावरून कधी सुटते, हा प्रश्न नव्हता. मी मुलीच्या गालाला हात लावला. तिनं तोंड फिरवलं. आईला बाजार उरकायचा होता. उद्या साइटवर लवकर जायचं होतं, मुलीला घेऊन.