संध्याकाळची फवारणी

आमच्या थोरल्या साडूंइतका दमवणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर निदान तो माझ्या सासुरवाडीत नाही. हे निवृत्त विज्ञान शिक्षक, राहायला कुरुंदवाडला. निवृत्तीनंतर माणसं नातवंडं खेळवतात, देवदर्शनं करतात, गेलाबाजार सोसायटीच्या निवडणुकीत तरी पडतात. यांनी मधमाश्यांचं वकीलपत्र घेतलं. शिवारात कुठं फवारणीच्या पंपाचा आवाज आला की हे निघालेच, आणि मी मुक्कामाला असलो की माझ्याही चपला तेच पुढं सरकवतात. "चला पावणं, जरा बघून येऊ." या 'जरा'पायी माझ्या कित्येक दिवाळ्या बांधावर उभं राहून गेल्या.

त्यांचं सगळं शास्त्र दोन प्रश्नांत मावतं. औषध किती जहाल, आणि माशीची त्याच्याशी गाठ किती पडते. "नुसतं जहाल असून धोका हुत न्हाय पावणं, गाठ पडाय लागती." हा हिशेब ते कुठंही लावतात. एका लग्नघरी यजमानीणबाई आग्रहानं तांबडा रस्सा वाढत होत्या, तर हे म्हणाले, "रस्सा जहाल हाय, पर मी वाटीला हातच लावत न्हाय. म्हंजे धोका शून्य." बाईंचा चेहरा पडला. माझी मेव्हणी, म्हणजे अक्का, तिनं कपाळाला हात लावला. नात्याची लाज राखायला त्यांची वाटी मी प्यायलो आणि दुसऱ्या दिवशी गाठ पडणं म्हणजे काय ते मला सविस्तर कळलं.

कृषी केंद्राचा दुकानदार तर त्यांना लांबून पाहिलं की जेवायला जातो, मग सकाळचे नऊ का वाजले असेनात. एकदा तो सापडला. साडूंनी औषधाच्या बाटलीवरच्या, विष सौम्य असल्याच्या हिरव्या त्रिकोणावर बोट ठेवलं. "ह्यो हिरवा रंग दावून शेतकऱ्याला गार करतोस. पर ह्यो रंग माणसाच्या जिवाचा. माशीच्या जिवाचा रंग कुठला, दाव की!" दुकानदार काकुळतीला येऊन म्हणाला, "सर, माशी काय गिऱ्हाईक हाय व्हय माजं?" त्यावर झालेलं व्याख्यान मी उभ्यानं ऐकलं. दुकानात खुर्ची एकच होती, आणि ती साडूंनी घेतली होती.

परसात त्यांनी सातेरी माश्यांची पेटी ठेवलीय. पेटीखाली पांढरी चादर अंथरलेली असते, म्हणजे रात्रीतून मेलेल्या माश्या सकाळी नजरेला पडाव्यात. चादर अक्काच्या माहेरची, रुखवतातली. "नवऱ्यानं म्हायारच्या चादरीवर मढी मांडली," असं ती येईल त्याला सांगते. मेलेल्या माश्या तपासायला म्हणून ते काडेपेटीत घालून खिशात बाळगतात. भाचीच्या साखरपुड्यात समई लावायला भटजींनी नेमकी तीच काडेपेटी मागून घेतली. पुढचं काय सांगायचं?

पण माणूस चिवट. फुलोऱ्यात शक्यतो फवारायचं नाही, फवारायचंच तर दिवस मावळताना, माश्या घरी गेल्यावर, हे त्यांनी दारोदार फिरून अख्ख्या शिवाराला पटवलं. निम्म्यांना पटलं, निम्मे माझ्यासारखे दमून हो म्हणाले. शेजारचे दस्तगीरभाई मात्र मनापासून पाळत. "सर म्हणतील तसं," एवढंच त्यांचं उत्तर. चादरीवर माश्या पडायच्या थांबल्या, तेव्हा साडूंनी गल्लीभर पेढे वाटले.

यंदा दस्तगीरभाईंनी मांडवावर दुधी भोपळा लावला. वेल झकास, फुलं भरपूर, पण बोटाएवढी फळं पिवळी पडून गळायला लागली. साडू रोज सकाळी जाऊन बघत. माश्या ठणठणीत, दुधी मात्र धरत नव्हता. अशात मी गेलो आणि शिरस्त्याप्रमाणे चपला पुढं आल्या. त्या दिवशी निघायला उशीर झाला. पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि मांडवावर पांढरी फुलं नुकती उमलत होती. साडू चालता चालता थांबले. दुधीचं फूल उमलतं दिवस मावळताना. त्यावर माशी नाही, पतंग येतात. आणि फवारायला शिवाराला यांनी नेमकी हीच वेळ दिली होती.

"मी निस्त्या माश्याच मोजल्या, पावणं," ते म्हणाले आणि बांधावर बसले. मला त्यांची फार दया आली. दस्तगीरभाई आले तेव्हा साडूंनी स्वतःच सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता. दस्तगीरभाईंनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "व्हय? मग काय करूया?"

मग मी मुक्काम वाढवला, आणि आम्ही तिघं रोज संध्याकाळी पतंगाचं काम करू लागलो. नर फूल तोडायचं, मादी फुलाला हलकेच टेकवायचं, पुढच्या फुलाकडं जायचं. माझी कंबर धरली. हळूहळू फळंही धरली.

आणि पाठोपाठ अळी आली. एका संध्याकाळी दस्तगीरभाई पंप भरून मांडवापाशी उभे होते. आम्हाला बघून त्यांनी तो खाली ठेवला. "सर, सकाळी फवारलं तर माशी मरतीया, सांजंला फवारलं तर पतंग. न्हाय फवारलं तर अळी समदं खाती. मग मी फवारू कवा?" आवाजात टोमणा अजिबात नव्हता. आजवर विचारत आले तसंच त्यांनी विचारलं होतं, सांगाल तसं करायला तयार राहून.

साडूंनी वेलाचं एक पान उलटून बघितलं. "ठावं न्हाय रं, दस्तगीर."

इतक्या वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नव्हते. त्यांचं व्याख्यान संपावं म्हणून मी जन्मभर घड्याळाकडं बघत आलो. त्या संध्याकाळी मात्र मनापासून वाटलं, यांनी काहीतरी बोलावं, चांगलं लांबलचक बोलावं. "बरं, मग आज ऱ्हाऊ दे," दस्तगीरभाई म्हणाले, आणि भरलेला पंप पुन्हा पाठीवर घेऊन घराकडं चालू लागले. साडू त्यांच्या मागोमाग निघाले, एक हात खालून त्या पंपाला लावून.