थोडी, पण उत्तम

निवृत्त झाल्यापासून लोक विचारतात, वेळ कसा जातो? मी सांगतो, जात नाही. जालन्यात मस्तगडला दुसऱ्या मजल्यावर राहतो. बायको जाऊन काही वर्षं झाली. दाराची बेल वाजलीच तर बहुतेक वेळा कुणीतरी शेजारच्यांचं घर शोधत आलेलं असतं.

नोकरी हवाई दलात झाली. शेवटची बरीच वर्षं दिल्लीत, लढाऊ विमानांच्या खरेदीच्या कामात. तिथलं भांडण एकच आणि ते कधी मिटलं नाही. आहे त्या पैशात थोडी पण भारी विमानं घ्यायची, की साधी पण पुष्कळ? मी पहिल्या पक्षाचा, तोही कट्टर. शत्रूला आधी हेरणारं, लांबून मारा करणारं एक विमान चार सुमार विमानांना पुरून उरतं, असं मी टेबल आपटून सांगायचो. समोर बसणारे एक शांत अधिकारी दर वेळी एवढंच विचारायचे, "पण त्या दिवशी सकाळी उडायला तयार किती असतील?" भारी विमानाचा एखादा भाग बिघडला, की तो परदेशातून येईपर्यंत विमान हँगरमध्ये उभं. शिवाय राखायच्या सीमा दोन. मला त्यांचा फार राग यायचा. उत्तर सापडलं नाही की मला राग येतोच.

घरीही आमचं धोरण तेच. मुलगी एकच, पण तिला सगळं उत्तमातलं उत्तम. ती हुशार निघाली, परदेशी गेली, तिथेच रमली. परतूरला माझ्या धाकट्या भावाला चार पोरं. "खंडीभर पोरं करून ठेवलीस," असं मी त्याला चिडवायचो. तोही सोडायचा नाही. विमानाला तो इमान म्हणतो. "दिल्लीत इमान इकत भेटतं म्हन की, दादा," म्हणायचा.

यंदा डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदूचं, तसं किरकोळ. पण दवाखान्यात बजावलं, सोबत माणूस असल्याशिवाय घेणार नाही. मुलीला फोन केला. तिला रजा मिळत नव्हती. "बाबा, मी एजन्सीचा माणूस लावते, अगदी चांगला बघून," ती म्हणाली. ती मनापासून म्हणत होती, म्हणून जास्त लागलं. मी तारीख पुढे ढकलली. मग आणखी एकदा ढकलली. एक डोळा मिटून पेपर वाचायचा आणि चिडायचं, पण चिडायला समोर कुणी नाही. असले दिवस फार वाईट.

भावाला कुठून तरी कळलं. त्याचा फोन आला. "थांब दादा, कोन मोकळं हाय पाहतो," म्हणाला आणि फोन तसाच चालू ठेवून बोलत राहिला. "थोरला कापूस घेऊन मोंढ्यावर गेलाय. मधल्याला दुकान सोडता यायचं न्हाई. एक सासरी हाय. धाकटी घरीच हाय बघ. सकाळच्या गाडीनं धाडतो तिला."

मला त्याचा हेवा वाटला. दुसरा शब्द नाही. त्याची पोरं साधीच आहेत, जेमतेम शिकलेली. पण कुणाला पाठवू, असा प्रश्न त्याला पडू शकत होता.

धाकटी आली, बरोबर डबा घेऊन. दवाखान्यात नर्सने तिला विचारलं, "मुलगी का?" ती "हो" म्हणाली.

संध्याकाळी डोळ्यावर पट्टी बांधून घरी पडलो होतो. धाकटी स्वयंपाकघरात होती. तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, सगळं नीट झालं ना? कोण आलं होतं?"

"काकाची धाकटी. नर्सला वाटलं, तूच आलीस."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काही नाही. वाटू दिलं."

त्यावर पडद्यावरचा तिचा चेहरा होता तसाच राहिला. मी उघड्या डोळ्याने बघत राहिलो. ती रडत होती, की फोनच अडकला होता, ते मला कळलं नाही.