तिसऱ्या दिवसाचं पाणी

वसुधा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते. कावीळ उलटली होती. वय जेमतेम अडतीस. मुलींना बर्नर बंद करायला सांगून मी स्टुलावर बसून राहिले... आठ वर्षं मी तिला टाळत होते.

इंदूरला आम्ही एकाच प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होतो. तिचे वडील मिलच्या रंगखात्यात होते. तिनं नाव नोंदवलं त्याच वर्षी मिल बंद पडली. मिलचं रंगीत पाणी नाल्यात जाताना ती लहानपणापासून बघत आली होती. असं पाणी उन्हात स्वच्छ करणारी एक पांढरी पूड असते. पण तिला अतिनील किरण लागतात आणि उन्हात ते थोडेच. वसुधानं त्या पुडीवर लाल रंग चढवला, म्हणजे साधा उजेडही पुरेल. पहिल्या दिवशी गच्चीवरच्या बाटलीतलं निळं पाणी दुपारपर्यंत नितळ झालं. ती बाटली घेऊन वडिलांना दाखवायला पळाली.

तिसऱ्या दिवशी तीच पूड नव्या पाण्यात टाकली. संध्याकाळी पाणी निळंच होतं आणि पूड पांढरी पडली होती. तिच्यावरचा रंगच उन्हानं जळाला होता.

नव्या आर्थिक धोरणाचे दिवस होते ते. एका कंपनीनं रस दाखवला होता. आमचे गाइड सर म्हणाले, "पहले दिन का छापेंगे. बाकी बाद में."

"सर, ये तो आधा सच हुआ ना?" मग ती माझ्याकडे वळली. "तू तरी सांग गं. रीडिंग तूच घेतलंस ना?"

मला नोकरीसाठी पेपर हवा होता. मी खाली बघत राहिले. पेपर छापला. तिनं आपलं नाव काढायला लावलं, माझं राहिलं. तिची पीएच.डी. तिथंच थांबली, भंवरकुआं चौकातल्या कोचिंग क्लासमध्ये ती शेवटपर्यंत शिकवत होती.

तेराव्यानंतर सुदामा नगरला तिच्या घरी गेले. काका, म्हणजे तिचे वडील, म्हणाले, "बेटा, सर मला बोलले होते, आपकी लड़की से काम नहीं हुआ. खरं काय?"

"तिचं बरोबर होतं, काका. अर्धवट आम्ही छापलं."

ते किल्ली घेऊन उठले. "मी तिला पुष्कळ बोललो. म्हटलं, माझी तर मिल गेली, तू हातातलं का घालवलं? ती काहीच बोलली नाही..."

त्यांनी तिची खोली उघडली. टेबलावर कोचिंगच्या वह्या होत्या, अर्ध्या तपासलेल्या. वरच्या वहीत गणिताखाली तिचं ठसठशीत अक्षर होतं: 'उत्तर देखकर स्टेप्स मत बनाओ. फिर से करो.'