तेविसावा खडा

एलिया भिंगारदिव्याच्या पोटात दर रविवारी दुखायचं, आणि ते दुखणं लिंबापासून सुरू व्हायचं.

भिंगारला छावणीमागच्या मैदानावर सितारा क्लबचा फुटबॉलचा सामना असला की हाफ टाइमला मॅनेजर मच्छिंद्र मास्तर लिंबं कापायचा, फोडींना मीठ चोळायचा आणि एकेका पोराच्या हातात फोड देताना त्याच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटायचा. काय ते देव जाणे! पण पोरं माना डोलवायची. त्यात एलियाचा थोरला जॉर्जही होता. घरी बापाने काही सांगितलं तर ताटातून नजर वर न उचलणारा हा पोरगा मास्तरापुढे कसा शहाण्यासारखा कान देऊन उभा राहायचा! तेवढं दिसलं की एलियाला तोंडातली शेंग कडू लागायची.

तसा क्लबात एलियाला मान होता. लष्कराच्या कारखान्यात तो चामडं शिवायचा आणि क्लबचा चेंडू उसवला की तोच टाके घालायचा. दोऱ्याला लावायच्या काळ्या मेणाने त्याची बोटं कायम माखलेली. वीस वर्षांपूर्वी तो फुलबॅक होता आणि गोऱ्या साहेबांच्या काळातले म्हातारे अजून त्याच्या लाथेचं नाव काढायचे. मास्तर मात्र जामखेडकडचा, बदलीवर आलेला. जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही. आणि मॅनेजर तो!

बाहत्तर सालच्या हिवाळ्यात संगमनेरच्या पोरांनी सिताराला चार गोल घातले. लागोपाठ तिसरी हार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानाच्या दगडी कठड्यावर क्लबची चाहते मंडळी जमली आणि एलियाला कंठ फुटला.

"आता बास झालं! ज्याच्या गावात प्यायला पानी न्हाई, त्यो आमाला खेळ शिकवनार व्हय?"

"पान्याचा आन् खेळाचा काय संबंध रं?" गोरक्ष दूधवाला उसळला. "मास्तर आला तवा क्लबात सात पोरं हुती. आज अठरा हायेत. त्ये कुनी केलं?"

"पोरं जमवली. पन गोल कुनी खाल्ले?"

"गोल मास्तरानं न्हाई, तुज्या जॉर्जच्या बाजूनं गेले. त्यातले दोन."

कठडा हसला. एलियाच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण ते खरं होतं आणि मास्तराने त्याबद्दल जॉर्जला एका शब्दानेही बोल लावला नव्हता. लावला असता तर बरं, असं एलियाला वाटायचं. निदान पोरगा चिडून बापाकडे आला असता.

शेवटी बूट मांडायचं ठरलं. मॅनेजर ठेवायचा की बदलायचा, हे सितारा क्लबात बुटांवर ठरे. एलियाचेच जुने बूट क्लबाने त्यासाठी जपून ठेवले होते. उजव्या बुटात खडा म्हणजे राहू द्या, डाव्यात म्हणजे उतरवा. प्रत्येकाने एकच खडा घेऊन मूठ दोन्ही बुटांत घालायची, म्हणजे कुणाचं कुणाला कळत नाही. बरोबरी झाली तर जुनाच मॅनेजर राहायचा. मोजायला शेंगावाली लंकाबाई, कारण दोन्ही बाजू तिच्याच शेंगा खायच्या.

रविवारी सकाळी मास्तराने स्वतः किटबॅगेतून बूट काढून कठड्यावर मांडले आणि बाजूला जाऊन बसला. कठड्यावरच्या चाहत्यांतली बावीस माणसं एकेक करून उठली. एलियाची पाळी आली. त्याने उजव्यात मूठ नुसती बुडवून काढली. मग डाव्यात घातली आणि मुठीतले दोन्ही खडे सोडले. दोन्ही. आयुष्यात त्याने कुणाची सुई उचलली नव्हती, पण आज मूठ मोकळी करून तो सरळ जागेवर जाऊन बसला.

लंकाबाईने एकेक बूट पदरात पालथा करून दोन वेगळे ढीग केले.

"उजव्यात अकरा. डाव्यात बारा." ती थांबली. "म्हंजी तेवीस. आन् तुमी तर बावीस हाय की वो!"

एकच गलका झाला. गोरक्ष म्हणाला, "कुनी चोरी केली त्यानं गुमान सांगावं!" मास्तर उठून लंकाबाईपाशी आला. डाव्या बुटातल्या खड्यांवर त्याची नजर फिरली. बारांतल्या दोन खड्यांवर काळ्या मेणाचे ठसे होते. मास्तराने ते दोन तेवढे उचलले आणि मूठ मिटली.

"गलका करू नका," तो म्हणाला. "एक माझा हाय. बूट मांडतानाच टाकला. मॅनेजरनं टाकू नये असं कुनी ठरवलंय का?"

कुणीच ठरवलं नव्हतं.

"तीन सामने हरलोय. मलाबी वाटतं, खेळलेल्या मानसाच्या हातात द्यावं. एलियाभाऊ, धरा."

आणि त्याने किटबॅग एलियाच्या खांद्याला अडकवली. एलियाला आनंद व्हायला हवा होता. पण त्याला मास्तराचा पूर्वी कधी आला नव्हता एवढा राग आला. या माणसाने साधी चोरीसुद्धा त्याला एकट्याला करू दिली नाही!

पुढच्या रविवारी मास्तर कठड्यावर शेंगा सोलत बसला होता. मैदानात उतरताना पोरांनी सवयीने आधी तिकडेच पाहिलं. हाफ टाइमला एलियाने लिंबं कापली, मीठ चोळलं आणि एकेकाच्या कानाशी वाकून म्हणाला, "जोरात पळ." दहा जणांना दहा वेळा तेच. दुसरं काही सुचेचना.

मग जॉर्ज. पोरगा फोड घेऊन कान देऊन उभा राहिला. बापापुढे, अगदी मास्तरापुढे राहायचा तसा. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं. एलिया वाकला आणि त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"त्या दिशी दोन खडे माजे हुते."

जॉर्जने मान वर केली. "मंग मास्तर म्हनले की त्यांचा हाय म्हनून?"

"त्यानं झाकलं मला."

रेफरीची शिट्टी वाजली. जॉर्जने हातातली फोड न चोखता बापाच्या तळहातावर परत ठेवली. "ही त्यास्नी द्या, बाबा," म्हणाला आणि पळत गेला.

चामडं शिवताना आरीने टोचलेल्या बोटाला मीठ झोंबत होतं. कठडा वीस पावलांवर होता. एलिया चालू लागला. चुकलं होतं, माफी मागायची होती, ते सगळं त्याला कळत होतं. पण चालताना जळत होतं ते एवढंच, की पोराच्या हातची फोडही शेवटी मास्तराच्याच वाट्याला आली.